पोत्याची मागची बाजू

बंड्या आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. जात लॅब्रेडॉर. साताऱ्यात आमचं बैठं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे. लहानपणी तो डॉक्टरांनी सांगितलेलं पिल्लांचं खाद्य खायचा, बंद पिशवीतलं. मोठा झाला तशी भूक वाढली. मग आळीत सगळे जिथून घेतात तिथूनच आम्हीही घ्यायला लागलो. दुकानदार वीस किलोचं पोतं उघडून ठेवतो आणि किलोवर सुटं देतो. सकाळी ते दाणे, संध्याकाळी चपाती-दूध. असं बरेच दिवस छान चाललं.

एका पावसाळ्यात तो कान खाजवायला लागला. आधी वाटलं, पाणी गेलं असेल. मग पंजे चाटणं सुरू झालं, बोटांमधली कातडी लाल झाली. शी पातळ आणि खूप व्हायची. रात्री तो खाजवला की गळ्यातल्या पट्ट्याची कडी वाजायची. तो आवाज सुरू झाला की माझी झोप उडायची. उठून त्याच्याजवळ बसायचे, पण करायचं काय ते कळत नव्हतं.

डॉक्टरांनी खाद्याला लगेच दोष दिला नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. त्यांनी आधी गोचिड आणि पिसवा पाहिल्या. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात यीस्टचा संसर्ग निघाला. कानाचं औषध, गोचिडांची गोळी, औषधी शॅम्पू असे उपचार झाले. खाज अर्ध्यावर आली, पण गेली नाही. औषध थांबलं की पुन्हा कान लाल. तेव्हा त्यांनी विचारलं, "हा खातो काय? त्यात काय काय आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. सुट्या खाद्याला लेबल कुठलं? दुकानात गेले तर पोत्याच्या पुढच्या बाजूला तांबूस भाजलेली कोंबडीची तंगडी, गाजर आणि मटारचं चित्र. पोतं भिंतीला लावलेलं होतं. दुकानदाराने ते वळवून दिलं. मागे, शिवणीजवळ, बारीक अक्षरांत यादी होती. चष्मा लावूनही वाचता येईना, म्हणून फोटो काढून मोठा करून पाहिला. पहिलं नाव होतं तृणधान्ये आणि तृणधान्यांचे उपपदार्थ. मग चिकन आणि चिकनचे उपपदार्थ. मग सोयाबीन पेंड, गव्हाचा कोंडा, वनस्पती तेल, मीठ. गाजर आणि मटार मिठाच्याही खाली.

माझी पुतणी शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. शनिवारी ती घरी आली तेव्हा तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "काकू, मीठ कुठे आहे ते आधी बघ. मीठ साधारण एक टक्क्याच्या आसपासच घालतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. म्हणजे मिठाच्या खाली जे आहे ते त्याहूनही कमी." एवढं मोठं गाजर पुढच्या चित्रात होतं, आणि वीस किलोच्या पोत्यात ते चिमूटभर.

त्या दिवशी ती जेवण होईपर्यंत शिकवत बसली. तिने सांगितलेलं एक मला फार उपयोगी पडलं. यादीतलं वजन शिजवण्याआधीचं असतं. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं. दहा किलो चिकन घातलं तर दाणे वाळल्यावर त्यातलं तीन किलोच्या आसपास उरतं. मका मात्र आधीच कोरडा असतो, त्याचं वजन फारसं घटत नाही. त्यामुळे "ताजं चिकन" पहिल्या क्रमांकावर दिसलं तरी तयार दाण्यांत मका जास्त असू शकतो. उलट "चिकन मील" हे नाव ऐकायला बरं वाटत नाही, पण ते पाणी आणि बरीचशी चरबी काढून दळलेलं असतं. ते यादीत वर असेल तर त्यातून प्रथिनं खरोखरच मिळतात.

दुसरी गोष्ट, एकच धान्य तीन नावांनी लिहिलेलं असतं. मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन. तीन तुकडे केले की प्रत्येक तुकडा खाली सरकतो आणि चिकन वर येतं. बेरीज आपण करायची.

उपपदार्थ या शब्दाला मी घाबरले होते. पुतणी म्हणाली, "आपण काळीज खातो, वजडी खातो, पाये उकळून पितो. कुत्र्याला ते वाईट कसं?" हे मला पटलं. काळीज, हृदय, पेटा यांत चांगलं पोषण असतं. अडचण वेगळीच आहे. "चिकनचे उपपदार्थ" म्हटलं तर निदान प्राणी तरी कळतो. "मांस आणि प्राणिज उपपदार्थ" म्हटलं तर प्राणीही कळत नाही, भागही कळत नाही, आणि पुढच्या वेळच्या पोत्यात तेच असेल याचीही खात्री नाही. ज्याच्या कुत्र्याला ॲलर्जी आहे त्याला असलं लेबल काहीच सांगत नाही.

मग टक्केवारी. पोत्यावर प्रथिनं किमान २०, चरबी किमान ८, तंतू कमाल ५, ओलावा कमाल १२ असं लिहिलं होतं. पिष्ट पदार्थ किती ते लिहिलेलं नसतं. शंभरातून हे सगळं वजा करायचं, खनिजांचे म्हणून आणखी आठ-नऊ वजा करायचे. उरले सेहेचाळीस-सत्तेचाळीस. म्हणजे जवळजवळ निम्मं पोतं पिष्ट. ते विष नव्हे. कुत्रा शिजवलेलं धान्य पचवतो. पण पैसे आपण कशाचे देतो ते तरी कळतं.

कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या रश्श्याच्या पाकिटावर प्रथिनं ८ टक्के पाहून मी ते हलकं समजत होते. पण त्यात ओलावा ८२ टक्के असतो. पाणी बाजूला काढलं की उरलेल्या १८ भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ४४ टक्के. आमच्या पोत्याचा हाच हिशोब २३ च्या आत येतो. ओलं आणि कोरडं खाद्य असं पाणी वगळूनच ताडून पाहायला हवं. अमेरिकेतली आफको ही संस्था पाणी वगळून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं धरते. तेव्हा आमचं पोतं आकड्यांत नापास नव्हतं.

पण आकडाही सगळं सांगत नाही. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. २००७ साली अमेरिकेत याचाच गैरफायदा घेतला गेल्याचं उघड झालं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेलं होतं. त्यात नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून प्रथिनं जास्त असल्याचं भासलं. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि कितीतरी नावांची खाद्यं बाजारातून परत घ्यावी लागली. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले.

यादी कळल्यावर डॉक्टरांचं मत पडलं की अन्नाची ॲलर्जी असू शकते. मी म्हटलं, हे तर तो कधीपासून खातोय. ते म्हणाले, ॲलर्जी नव्या पदार्थाची क्वचित होते, बहुधा रोज खाल्लेल्याचीच होते. कुत्र्यांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू ही नावं वारंवार येतात. रक्ताची तपासणी करून घेऊ का, असंही मी विचारलं. अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि आमचे पैसे वाचवले.

याच सुमारास कुणी ना कुणी येऊन "ग्रेन फ्री आण" असं सांगत होतं. खूप महाग असतं ते. पुतणीने थांबवलं. धान्य काढलं की त्या जागी मटार, मसूर, बटाटा येतो. अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली. तसं सिद्ध झालेलं नाही. पण धान्य नाही एवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत असंही काही त्यात नाही.

डॉक्टरांनी आठ आठवड्यांचं पथ्य दिलं. खास औषधी खाद्य, ज्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. दुकानातलं साधं "मासा" किंवा "मटण" लिहिलेलं खाद्य का नको, असं आमच्या यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, साध्या खाद्यांत लेबलवर नसलेलं मांस निघाल्याचं परदेशातल्या तपासण्यांत अनेकदा दिसलं आहे. पथ्याच्या काळात तेवढी भेसळही चालत नाही.

ते आठवडे जड गेले. खाद्य महाग होतंच, पण त्याहून जड गेलं ते बाकी सगळं बंद करणं. चपाती नाही, दूध नाही. शेजारची नात फाटकातून ग्लुकोज बिस्किट द्यायची, तिला समजावून सांगितलं. ती बिचारी रोज फाटकाशी येऊन "आज चालेल का?" विचारायची. जेवणाच्या वेळी बंड्या माझ्या ताटाकडे बघत बसायचा आणि मला घास गिळवत नसे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात खाज कमी झाली. शी बांधून व्हायला लागली. पथ्य संपल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून नुसतं उकडलेलं चिकन सुरू केलं. आठवड्याच्या आत पंजे चाटणं परत आलं. ते बंद केलं, थांबलं. नंतर दूध देऊन पाहिलं. खाज आली नाही, पण पोट बिघडलं. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. खाज चिकनची, पातळ शी दुधाची.

आता रोजचं खाद्य शोधायचं होतं, बिनचिकनचं. लेबल वाचायला शिकल्याचा खरा उपयोग इथे झाला. एका पिशवीवर मोठा मासा छापलेला. मागे पाहिलं तर तिसऱ्या क्रमांकावर चिकन मील आणि खाली चिकन फॅट. मटण-तांदूळ लिहिलेल्या दुसऱ्या पिशवीत चव येण्यासाठी चिकनच्या काळजाचा अर्क. तिसऱ्या पिशवीवर फक्त "प्राणिज चरबी". कुठल्या प्राण्याची? पिशवीवरच्या क्रमांकावर फोन केला. कळवतो म्हणाले, कळवलं नाही. ती पिशवी सोडली. चौथ्या कंपनीला तेच विचारलं तर त्यांनी चरबी कशाची, टिकवण्यासाठी काय वापरतात हे सरळ लिहून पाठवलं. टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व. यादीत पहिलं फिश मील, दुसरा तांदूळ, चिकन कुठेच नाही. मोठ्या कुत्र्यांसाठी पूर्ण आणि संतुलित आहार, असा स्पष्ट उल्लेख. हा उल्लेख शोधाच. रश्श्याच्या काही पाकिटांवर "पूरक" लिहिलेलं असतं, तेवढ्यावर कुत्रा ठेवता येत नाही.

लाल-हिरवे दाणे मी आता घेत नाही. कुत्र्याला लाल आणि हिरवा नीट वेगळा दिसत नाही. तो रंग आपल्यासाठी घातलेला असतो.

किमतीचं म्हणाल तर हे किलोला महाग आहे. पण १०० ग्रॅममागे कॅलरी किती ते पाहावं. याच्यात त्या जास्त आहेत, म्हणून वाटीऐवजी काट्यावर तोलून दिलं तर रोज कमी लागतं. तरीही खर्च वाढला आहे, ते लपवत नाही. ज्याच्या कुत्र्याला ॲलर्जी नाही, अंग तुकतुकीत आहे, शी बांधून होते, वजन ताब्यात आहे, त्याने साधं पण बंद पिशवीतलं खाद्य खुशाल द्यावं. यादीत चिकन दिसलं म्हणून घाबरू नये. बदलायचंच असेल तर आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदला.

सुट्या खाद्याचं मात्र माझं मत पक्कं आहे. दाणे वाळवून झाल्यावर त्यांवर चरबी फवारतात. पोतं उघडं राहिलं की ती हवेत खवट होते, आणि आपल्याकडच्या पावसात मक्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. उघडण्याची तारीख नाही, संपण्याची तारीख नाही, बॅच क्रमांक नाही. काही झालं तर दाद कुणाकडे मागणार? आम्ही आता छोटी पिशवी आणतो, मूळ पिशवीतच दुमडून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, महिन्याभरात संपवतो. पिशवीची मागची बाजू फेकण्याआधी तिचा फोटो काढून ठेवतो.

दुकानदारांना माझी विनंती आहे. सुटं विकणं लगेच बंद होणार नाही, हे मला कळतं. पण पोतं रिकामं झालं की त्याचं लेबल कापून भिंतीवर लावा, आणि नवं उघडलं की त्याच्यावर तारीख लिहा. आणि गिऱ्हाइकांनी लेबल मागून पाहावं. आमच्या दुकानदाराने लावायला सुरुवात केली आहे.