ओपांचं देणं

माल्ट निवडण्याची जी काही समज आज माझ्याकडे आहे, ती बाम्बेर्गच्या एका म्हाताऱ्या कारागिराची देणगी आहे. मी तिथल्या ब्रूअरीत शिकायला गेलो तेव्हा ते निवृत्त झाले होते, तरी रोज सकाळी माल्टच्या कोठारात येऊन बसत. सगळे त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायचे. मीही म्हणू लागलो.

जर्मनीतलं बाम्बेर्ग ओळखलं जातं ते बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टच्या बीअरसाठी. मला त्या धुराचं भारी आकर्षण. ओपांनी मात्र आधी साधा पिल्सनर माल्ट हातावर ठेवला आणि म्हणाले, "चाव." मग कच्चा जव दिला. कच्चा दाणा दातांना दाद देईना. माल्ट कुरकुरत फुटला आणि जिभेवर गोडसर पीठ उतरलं. त्यांनी नखाने एका दाण्याचं तूस सोलून पाठीवरून सरकलेला कोंब दाखवला. दाण्याच्या पाऊण लांबीइतका. "इथे थांबवायचं. आधी थांबवला तर दाणा आत कडक राहतो, उशीर केला तर कोंबच सगळं खाऊन टाकतो."

आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळतात, तसंच हे काम. जव भिजवून त्यात ४५ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरू द्यायचं, साधारण १५ अंशांवर चार-पाच दिवस मोड येऊ द्यायचे आणि मग भट्टी. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. पुढे गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात ते हेच. पिल्सनर माल्ट ८०-८५ अंशांवर वाळवतात, त्यामुळे एन्झाइम शाबूत राहतात. म्युनिक माल्ट शंभराच्या पुढे जातो. त्याला रंग येतो, भाजक्या पावाची चव येते, पण एन्झाइम घटतात. दोनशेच्या वर भाजलेल्या काळ्या माल्टमध्ये त्यांचा मागमूसही उरत नाही.

म्हणूनच ओपांचा क्रम ठरलेला असे: आधी बेस माल्ट, मग चव, रंग सगळ्यांत शेवटी. डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये इंग्लंडात माल्ट काळा भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पोर्टर बनवणाऱ्यांना फिकट माल्टमध्ये मूठभर काळा घालून हवा तो रंग मिळू लागला, हे ते मोठ्या कौतुकाने सांगत. शंभर किलोत तीन-चार किलो काळा पुरतो. बाकीचं वजन ज्याच्यावर आहे, तो दाणा आधी पारखायचा. प्रयोगशाळेचा कागदही ते वाचायचे, ओलावा आणि प्रथिनं बघायचे, पण दाणा चावून झाल्यावर.

माझं त्यांच्याशी खरं नातं जुळलं ते एका पुडीमुळे. सुट्टीवरून परतताना मी राजस्थानी जवाचा माल्ट नेला होता. सहा ओळींच्या ओंबीचा जव, दाणे बारीक. युरोपात बीअरला दोन ओळींचा टपोरा जव लागतो, तेव्हा हे बघून ते काय म्हणतील, ही धाकधूक होती. ओपांनी बराच वेळ चावला. मग म्हणाले, "तूस जास्त आहे, प्रथिनंही जास्त असणार. पण एन्झाइमला हा कमी पडणार नाही. याला गव्हाची सोबत दे."

त्या एका वाक्यात केवढं ज्ञान होतं! गव्हाला तूस नसतं. निम्मा गहू घातला की मॅश चिकट होतो आणि रस गाळायला जड जातं. तिथे आपल्या जवाचं जाड तूस गाळणीचं काम करतं. शिवाय गव्हाच्या बीअरला गढूळपणा शोभतो, त्यामुळे जादा प्रथिनांची अडचण होत नाही. ज्याला मी उणेपणा समजत आलो, त्याचं नेमकं काम त्यांनी दाखवून दिलं. परक्या मुलखातल्या दाण्याकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. ओपा आता नाहीत.

पुण्यात आम्ही गव्हाची बीअर बनवतो ती याच जोडीवर. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना माझं मनापासून सांगणं आहे: परदेशी गोणी मागवण्याआधी राजस्थान-हरियाणाच्या जवाचा माल्ट मागवा, चावून बघा, आणि तो कोणत्या बीअरला लागेल ते ठरवा.