पोक जाते, पण नुसत्या ओरडण्याने नाही!

दोस्तांनो, "पोक काढून बसू नकोस!" हे वाक्य तुम्ही दिवसातून किती वेळा ऐकता? मी ते घरी ऐकलं, वर्गात ऐकलं, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलं. ऐकलं की मी झटकन ताठ व्हायचे आणि दोन मिनिटांत पुन्हा येरे माझ्या मागल्या!

आठवीत माझी उंची भराभर वाढली. वर्गातल्या मुलींपेक्षा मी डोकंभर उंच. 'जिराफ', 'शिडी' अशी नावं पडली. खांदे पुढे घेऊन मान खाली घातली की आपण जरा कमी दिसतो, असं वाटायचं. दहावीत पाठ दुखू लागली, तेव्हा आईने मला फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेलं.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला पालथं झोपवून छाती वर उचलायला सांगितली. पाठीचा बाक गेला! "म्हणजे हाडं ठीक आहेत. काम आहे ते स्नायूंचं," त्या म्हणाल्या. काही मुलांचे मणकेच वाढत्या वयात पाचरीसारखे होतात. डेन्मार्कचे डॉक्टर होल्गर श्यूअरमन यांनी १९२० मध्ये या विकाराचं वर्णन केलं. अशी पोक झोपल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. तिथे डॉक्टरच हवेत.

मग त्यांनी कण्याचं चित्र दाखवलं. मानेत ७ मणके, छातीमागे १२, कमरेत ५. बाजूने पाहिलं तर कणा काठीसारखा सरळ नसतोच, त्याला नैसर्गिक वळणं असतात. आपलं डोकं साधारण ४ ते ५ किलोचं. ते सतत पुढे झुकलं, की मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंवर ताण येतो. छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे दमतात. दमलेले स्नायू हुकूम ऐकून किती वेळ ताठ राहणार?

त्यांनी दिलेले व्यायाम अगदी साधे होते. भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. हनुवटी किंचित आत घेऊन डोकं भिंतीला लावायचं. दुसरा, खवाटे म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं एकमेकांजवळ आणून ५ अंक मोजायचे. असं १० वेळा. तिसरा, दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापर्यंत टेकवून एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे छाती ताणली जाते. आणि शेवटी भुजंगासन. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, पण रोज! पहिले पंधरा दिवस काहीच फरक नाही. दीड महिन्याने दुखणं कमी झालं. तीन महिन्यांनी खांदे आपोआप मागे राहू लागले.

पण ताईंनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला होता, "तू कोणापासून लपतेस गं?" त्याला कुठला व्यायाम नव्हता. स्नेहसंमेलनाच्या फोटोत शेवटच्या रांगेत मी पूर्ण उंचीने उभी राहिले, तेव्हा माझ्यापुरतं त्याचं उत्तर मिळालं.

आई-बाबांनो, म्हणून एक विनंती. ओरडण्याआधी कारण शोधा. मुलाला फळा नीट दिसतो ना? टेबल फार खाली नाही ना? मोबाइल मांडीवर ठेवून तासन् तास मान वाकलेली नसते ना? दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको, असं २०२० चं राष्ट्रीय दप्तर धोरणही सांगतं. आणि त्याला कोणी चिडवत नाही ना, हेही प्रेमाने विचारा.

आणि दोस्तांनो, तुम्ही अभ्यास करताना दर अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या मारा. पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर दिसत असेल, तर लगेच घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी आज संध्याकाळपासून घरातली एखादी रिकामी भिंत गाठायला हरकत नाही!