आजीची दाढ

दिवाळीत चकल्या तळत होते. नातवाने पहिली चकली उजव्या बाजूने कडकन चावली आणि माझा झारा हातातच राहिला. कारण त्या बाजूची दाढ मूळची तिथली नाही!

गेल्या वर्षी, ऐन बारावीत, त्याची खालची दाढ किडीने पार गेली. इथे मालाडलाच दाखवलं. काढावी लागेल म्हणाले. मी लगेच म्हटलं, "माझ्या दोन अक्कलदाढा अजून शाबूत आहेत, त्यातली एक बसवा की." डॉक्टर हसले नाहीत. (हे मला आवडलं.) म्हणाले, "आजी, बसेल, पण टिकणार नाही."

दाताच्या मुळाभोवती जिवंत पेशींचं पातळ अस्तर असतं. दुसऱ्याच्या दाताचं अस्तर शरीर परकं म्हणून मारून टाकतं. मग हाड थेट मुळाला चिकटतं. दात घट्ट बसला असं वाटतं, पण आतून शरीर मूळ विरघळवून तिथे हाड भरत असतं. काही वर्षांनी वरचा दात गळतो.

अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटरने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रुजवून पाहिला होता. त्या काळी तिथले श्रीमंत गरिबांचे दात विकत घेऊन बसवून घेत. रोलंडसनने १७८७ साली त्यावर व्यंगचित्र काढलंय. गरिबाचा दात गेला तो गेलाच, श्रीमंताकडेही राहिला नाही.

नातवाला त्याचीच अर्धवट मुळाची अक्कलदाढ अलगद काढून, मुळाला धक्का न लावता, काही मिनिटांत बसवली. घरचीच ती, रुजली.

"मग किडनी कशी चालते?" मी विचारलं.

"गोळ्यांवर. त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. एका दातासाठी कोण घेईल जन्मभर?"

हे मला ठाऊक होतं खरं तर. आमच्या ताईने २००९ साली धाकट्या भावाला किडनी दिली. सख्ख्या बहिणीची, तरी त्याच्या शरीराला ती अजून परकीच. २०२१ मध्ये ताई करोनाने गेली. त्या गोळ्यांमुळे भावाला संसर्गाचा धोका फार, म्हणून आम्ही त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता त्याचा.

तोही आला होता दिवाळीला. आठ वाजता त्याचा मोबाईल वाजला. हातातली चकली खाली ठेवून त्याने खिशातून डबी काढली. नातवाने न सांगता पाणी आणून दिलं.