हँडीकॅम? आता??

हो, आता! आणि प्लीज, ‘फोन आहे ना तुझ्याकडे?’ हे तुम्ही तरी विचारू नका. गेल्या महिनाभरात हा प्रश्न मला रूममेटनं, एडिटरनं, मावसभावानं आणि चक्क कॅमेरे विकणाऱ्या माणसानं विचारून झालाय. फोन आहे. चांगला आहे. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. पण कॅमकॉर्डर माझ्यासाठी नव्हताच घ्यायचा, बाबांसाठी घ्यायचा होता.

आमच्याकडे शूटिंग हे बाबांचं डिपार्टमेंट. २००४ मध्ये त्यांनी दिवाळीच्या बोनसमधून मिनी-डीव्ही हँडीकॅम घेतला, आणि पुढच्या प्रत्येक सुट्टीत आम्ही हिंडलो कमी, रीटेक जास्त दिले. (‘हँडीकॅम’ हे खरं तर सोनीचं नाव, १९८५ पासूनचं. पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असो, तो हँडीकॅमच. झेरॉक्ससारखं.) एका टेपवर एक तास मावायचा, म्हणून बाबा जपून शूट करायचे. आधी जागेचं नाव, मग तारीख, मग डावीकडून उजवीकडे संथ पॅन. पॅनच्या शेवटी आई, पर्स सावरत. पुढे मास कॉमला कॅमेऱ्याचे तास सुरू झाले तेव्हा लक्षात आलं, की बाबांचा पॅन सॉलिड होता. वर्गातल्या अर्ध्या पोरांना तो जमत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं. सुरुवात उजव्या हातापासून. घास, सही, शर्टाची बटणं... या सगळ्यावर त्यांनी आपापले मार्ग काढले, त्याची चर्चा केलेली त्यांना आवडत नाही. फोनवर मात्र मार्ग सापडेना. फोन पातळ, गुळगुळीत, आणि काचेला जरा बोट लागलं की रेकॉर्डिंग बंद किंवा सेल्फी कॅमेरा चालू. गेल्या दिवाळीत त्यांनी मुकाट्यानं फोन माझ्या हातात दिला, ‘तूच घे गं’ म्हणाले आणि कंदील लावायला गेले. घरात कुणीच काही बोललं नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोक्यात होती. हात नुसता मांडीवर पडलेला असतो तेव्हा जास्त थरथरतो. काही धरलं, काम करायला लागला, की बऱ्याच जणांचा थोडा शांत होतो. बाबांचा होतो. म्हणजे त्यांना धरायला नीट काहीतरी हवं होतं.

आणि कॅमकॉर्डर बनवलाय तोच धरण्यासाठी, यार! पट्ट्यात पंजा अडकतो, त्यामुळे पडायची भीती नाही. रेकॉर्डचं बटण अंगठ्याखाली, दाबल्याचं जाणवणारं, खरंखुरं. स्क्रीन डावीकडे उघडते, तिला डाव्या हाताचा आधार देता येतो. व्ह्यूफाइंडर असेल तर तो डोळ्याला टेकतो, म्हणजे तिसरा टेकू. माझ्या यादीत व्ह्यूफाइंडर आणि स्टॅबिलायझेशन या दोनच अटी होत्या. बाकी सगळं बोनस.

यादी छोटी असली तरी खरेदी सोपी नव्हती. फोर्टात बोरा बाजारात दोन शनिवार फिरले. बहुतेक काउंटरवर अ‍ॅक्शन कॅमेरे, गिंबल, रिंग लाइट. ‘व्लॉगिंग करनेका है क्या मॅडम?’ एका दुकानात अमेरिकेतून आलेला पीस स्वस्तात मिळत होता. हा मोह तुम्हीही टाळा. तिकडचे कॅमकॉर्डर सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमच्या हिशेबानं शूट करतात, आपली वीज ५० हर्ट्झची. घरातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं. आपल्याला २५-५० फ्रेमवालाच बरा.

शेवटी सोनीचा एफडीआर-एएक्स५३ मिळाला. मॉडेल २०१६ चं, पण पीस सीलबंद. यात लेन्स आणि सेन्सर मिळून एकच भाग आत तरंगता ठेवलेला असतो. बॉडी हलली की तो उलट वळून धक्का खाऊन टाकतो. झूम २० पट, तोही ऑप्टिकल. म्हणजे खरोखर काचा सरकतात, चित्र कापून मोठं केलेलं नसतं. आम्ही डिसेंबरमध्ये तारकर्लीला चाललोय. तिथले डॉल्फिन फोनमध्ये कसे दिसतात, हे ज्यांनी काढलेत त्यांना विचारा. पाण्यावरचे तीळ!

सगळं गुडी-गुडी नाही हं. सेन्सर छोटा, त्यामुळे संध्याकाळनंतर माझा फोन याला सहज हरवतो. आणि फोर-केच्या सगळ्यात वरच्या सेटिंगला ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आतच भरतं. मी सेटिंग एक पायरी खाली आणलं, आता सव्वादोन तास मिळतात. बाबांना हा हिशोब लगेच पटला. ‘म्हणजे दोन टेपा’, म्हणाले.

डबा मी त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा ‘केवढ्याला?’ झालं, ‘कशाला?’ झालं. मग पंजा पट्ट्यात गेला. लेन्सची टोपी शोधली. ती आपोआप उघडते म्हटल्यावर जरा नाराज झाले. मग गॅलरीत जाऊन, घसा साफ करून: ‘स्थळ, आपली गॅलरी.’ तारीख. डावीकडून उजवीकडे संथ पॅन, शेवटी कपडे वाळत घालणारी आई. ‘अहो, केस तरी विंचरू द्या!’

मग समोरच्या टाकीवरच्या कावळ्यावर पूर्ण झूम. टीव्हीला लावून पाहिलं. पॅन छान. कावळा मात्र थोडा हलत होता. बाबांनी तो भाग तीनदा मागे नेऊन बघितला. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, ‘वीसला कुणाचाही हलेल. ट्रायपॉड लागेल.’

सध्या ट्रायपॉड शोधतेय. त्यांना अ‍ॅल्युमिनियमचा नकोय, जड हवाय.