एका ओळीचं कोटेशन

कोटेशन हा चवीने वाचायचा प्रकार आहे, हे लॅमिंग्टन रोडवर गेल्याशिवाय पटत नाही. ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला उतरून पाच-दहा मिनिटं चाललं की दुकानांच्या पायऱ्यांवर वायरींची वेटोळी, खोक्यांची चळत आणि हातगाडीवर रिमोट कंट्रोल दिसू लागतात. पाट्यांवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून 1903 ते 1907 मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टनच आहेत. ‘शोले’ वर्षानुवर्षं न उतरलेलं मिनर्व्हा थिएटर याच रस्त्यावर होतं. आता इथे लोक कोटेशन घ्यायला येतात.

असेंबल्ड कॉम्प्युटरचं कोटेशन भरगच्च असतं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट एकाखाली एक. समोर कंपनी, पुढे वॉरंटीची वर्षं, त्यापुढे रुपये. त्यात कुणाला लपायला जागा नसते. तयार पीसीचं कोटेशन मात्र एका ओळीत संपतं: ‘गेमिंग पीसी, आय सेव्हन, 16 जीबी, 512 एसएसडी, 4 जीबी ग्राफिक्स.’ पुढे रक्कम, शेवटचे तीन आकडे नऊशे नव्याण्णव. इतक्या थोड्या शब्दांत इतकं गाळणं हे कौशल्यच आहे. मला ती ओळ वाचायला आवडते, कारण तिच्यात जे नाही ते शोधायचं असतं.

ताईला घरी असा तयारच पीसी हवा होता. सुट्या भागांचं बिल केलं की रॅमची वॉरंटी एका कंपनीकडे, बोर्डाची दुसरीकडे. यंत्र बंद पडलं की नक्की कोण आजारी आहे हे आधी आपणच ठरवायचं. तिला फोन करायला एकच नंबर हवा होता. मेव्हण्यांना बँकेची आणि सोसायटीची कामं करायची होती, आणि माझ्या भाच्याला ‘थोडंसं गेमिंग’. हा ‘थोडंसं’ शब्द घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या अर्थाने वापरला होता. बजेट पन्नास हजारांच्या आत, मॉनिटर धरून.

तर ती ओळ. ‘आय सेव्हन’ म्हणजे कुठल्या पिढीचा? इंटेलने आय सेव्हन 2600 आणला 2011 साली. 2022 च्या जानेवारीतला आय थ्री 12100 बघा. दोघांनाही चारच कोअर आणि आठच थ्रेड, पण हा धाकटा त्या थोरल्याला सहज मागे टाकतो. तरीही जुन्या कचेऱ्यांमधून निघालेले ते आय सेव्हन नव्याकोऱ्या चकचकीत कॅबिनेटमध्ये बसून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकले जातात, कारण गिऱ्हाइकाला तीनपेक्षा सात मोठा वाटतो. नावानंतरचा आकडा पूर्ण वाचायचा, एवढंच करायचं असतं. शेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड गेलं की पडदाही काळा.

‘4 जीबी ग्राफिक्स’ ही त्याहून बेरकी नोंद. 2014 सालच्या जीटी 730 कार्डावरही 4 जीबी मेमरी मिळते. पण ती संथ असते, आणि त्यावरची चिप तर आजच्या खेळांसाठी दमलेलीच. त्या पिढीच्या बहुतेक कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर 2021 मध्येच थांबले. त्यापेक्षा कार्डच नसलेला, पण रायझन 5 5600जी सारखा अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बरा. 2021 चा आहे, सहा कोअरचा आहे, आणि माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, सेटिंग थोडी उतरवून जीटीए फाइव्ह एवढं त्यावर नीट चालतं. हलकं गेमिंग म्हणतात ते हेच.

मात्र असं अंगचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही; ते रॅममधूनच उसनं घेतं. म्हणून 16 जीबीची एक स्टिक आणि 8-8 च्या दोन यांत कागदावर काही फरक नसला तरी खेळताना असतो. दोन स्टिक असल्या की मेमरीकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो, म्हणजेच ड्युअल चॅनेल, आणि एकीवर जो खेळ अडखळतो तो वाहता होतो. तयार पीसीत बहुधा एकच भरलेली असते. विक्रेत्याचे पैसे वाचतात आणि ओळीतले ‘16 जीबी’ खोटेही ठरत नाहीत. त्यात 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना सगळा माल हवा, आणि मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. भाच्याला घेऊन दुकानात गेल्यावर मी स्टिक एक की दोन हे विचारलं, तेव्हा दुकानदाराने प्रश्न माझा ऐकला आणि उत्तर भाच्याला दिलं. “बोल बेटा, कौन सा गेम खेलता है?” साठीच्या बाईला ड्युअल चॅनेल कशाला हवा, असा भाव. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र तो माझ्याकडे बघून बोलला.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो एसएमपीएसपाशी, आणि त्याचं तर ओळीत नावसुद्धा नव्हतं. घरातल्या प्लगमधून येणारी वीज यंत्राला पचेल अशी करून देणारा हा डबा. सगळ्या भागांच्या प्रकृतीची मदार त्याच्यावर, आणि काटकसरही नेमकी त्याच्यावरच होते. शोकेसमधल्या पीसीला समोर काच, आत तीन पंखे. लाल, मग जांभळे, मग पोपटी. संध्याकाळी दुकानाचे दिवे लागायच्या आधी ते रंग खरंच सुरेख दिसत होते. भाच्याची नजर तिथून हलेना. मी मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडायला सांगितलं. आत डब्यावर मोठ्या अक्षरात 450 वॅट. खाली बारीक टाइपात कोष्टक, 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पोसले जातात ते याच 12 व्होल्टवर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. उरलेले वॅट कुठल्या खात्यात होते ते त्या स्टिकरलाच ठाऊक. भाच्याने मोबाइलवर पुन्हा गुणाकार करून बघितला, आणि त्यानंतर पोपटी पंख्यांकडे जरा संशयाने.

80 प्लसचा शिक्का असला तर वीज कमी वाया जाते एवढं नक्की. डबा टिकाऊ आहे की नाही हे तो शिक्का सांगत नाही. त्यासाठी कंपनी आणि मॉडेल बिलावर लिहून घ्यावं लागतं. आणखी एक, काचेने तोंड बंद केलेल्या कॅबिनेटला हवा घ्यायला जागा लागते. मुंबईच्या मे महिन्यात खिडकीखाली ठेवलेल्या यंत्राला रंगांपेक्षा समोरची जाळी उपयोगी.

त्याच रस्त्यावर आत, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत, रिफर्बिश्डवाले बसतात. कंपन्यांनी भाड्याची मुदत संपल्यावर परत केलेले ऑफिसचे पीसी: ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर. काळे, रुक्ष, कुठेही दिवा न लावलेले. माझा जीव खरं तर यांच्यावर. विंडोजचं अस्सल लायसन्स बहुधा बोर्डातच नोंदलेलं असतं. नव्या असेंबल्ड पीसीवर ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतात, त्याचा अर्थ आपण सगळे जाणतो. मात्र विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला निरोप दिला, आणि विंडोज 11 साधारण आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही. सातव्या पिढीचे ढीग म्हणूनच स्वस्त झाले. शिवाय विंडोज 11 वर व्हॅलोरंट टीपीएम 2.0 मागतं, म्हणजे भाच्याचा पक्षही नव्या पिढीच्याच बाजूला. या खोक्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात. बाजारातला दुसरा डबा आत बसत नाही. पुढे कार्ड लावायचंच तर जीटीएक्स 1650 ची बुटकी आवृत्ती, जी स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटवर भागवते.

भाच्याला ते काळं खोकं बघवेना. “मावशी, हे बँकेतलं वाटतं.” त्याचं चुकलं नव्हतं.

मोबाइल ज्याच्या त्याच्या खिशात फिरतो आणि लॅपटॉप दार लावून घेतो. डेस्कटॉप पूर्वीच्या लँडलाइन फोनसारखा घराच्या एका कोपऱ्यात रोवलेला असतो. आपण त्याच्याकडे जायचं, आणि जे करायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत करायचं. ताईचा डेस्कटॉपचा हट्ट यातूनच आला असणार, बोलली नाही तरी. हॉलमध्ये खिडकीलगत तिने टेबल आधीच रिकामं केलं होतं. सकाळी त्यावर सोसायटीचे हिशेब, दुपारी तिचं कीर्तन, संध्याकाळी भाच्याच्या माइनक्राफ्टमधल्या चौकोनी डोंगरांवरचा सूर्योदय. एकाच खुर्चीवर तिघांनी आळीपाळीने बसायचं, तर यंत्राला वेग बेताचा असला तरी चालेल, पण आवाज कमी हवा आणि रात्री ते झाकून ठेवता यायला हवं.

शेवटी शोकेसमधला पीसी आणि ते काळं खोकं यांच्या मधलं घेतलं: जाळीच्या तोंडाचा साधा टॉवर, 5600जी, दोन 8 च्या स्टिक, 512 जीबी एसएसडी, नाव सांगता येईल असा एसएमपीएस, लायसन्सचं विंडोज. पंख्यांमध्ये एकच दिवा, तो भाच्याच्या हट्टाखातर. लाइट गेली तर हिशेब सेव्ह करण्यापुरता 600 व्हीएचा यूपीएस. बोर्डावर वायफाय नव्हतं, हेही त्या एका ओळीत कुठे नव्हतं. राउटर आतल्या खोलीत, म्हणून छोटा डाँगल वेगळा लिहून घेतला. बिल आता चांगलं सोळा ओळींचं झालं होतं.

दुकानातूनच ताईला फोन लावून सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि स्पीकर?”

“आई, मॉनिटरला नाहीयेत. पण माझ्याकडे हेडफोन आहेत ना!”

“म्हणजे तू कोणाशी काय बोलत खेळतोस ते तुझ्या एकट्याला ऐकू येणार. स्पीकर घ्या.”

दुकानदाराने न विचारताच सतरावी ओळ लिहायला घेतली.