पेवातले शब्द

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता जेमतेम तीन-चार किलोमीटरांचा. रस्ता संपतो तेथे कृष्णा-वारणेचा संगम आणि काठावर संगमेश्वराचे मंदिर. ‘संगीत शारदा’ लिहिणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे जन्मगाव. बहुतेक प्रवासी संगमावर हात जोडून माघारी फिरतात. या गावाचे मोठे वैभव मात्र जमिनीच्या पोटात होते. ते म्हणजे हळदीची पेवे.

पेव म्हणजे अरुंद तोंडाचे, आत रुंदावत जाणारे, तीन-चार परस खोल असे जमिनीतील कोठार. ‘परस’ हा शब्द ‘पुरुष’ या शब्दापासून आला. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. विहिरीची खोली पूर्वी याच मापाने सांगत. हरिपूरच्या घट्ट मातीतील पेवात हळद भरून तोंड बंद केले, की ती वर्षानुवर्षे किडीवाचून टिके. पेव उघडल्याबरोबर मात्र कोणी आत उतरत नसे, कारण कोंडलेली हवा जिवावर बेतणारी असे. काही काळ तोंड उघडे ठेवायचे, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा आणि तो विझला नाही, तरच माणसाने उतरायचे, असा शिरस्ता होता.

२००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि आतील हळद नासली. व्यापार गोदामांकडे वळला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिला सांभाळणारी पेवे मात्र बहुतांशी बुजली. आज ‘पेव’ हा शब्द आपल्याला भेटतो तो वृत्तपत्रांत. ‘खासगी शिकवण्यांचे पेव फुटले’, असे आपण सहज वाचतो. भरलेले पेव फुटावे आणि आतला माल भसाभस बाहेर यावा, हे त्यामागचे चित्र. ज्याने पेव कधी पाहिलेच नाही, त्याच्यापुढे ते कसे उभे राहणार?

हरिपूरहून परतताना गणपती पेठेतून चालावे. हळद-गुळाच्या या बाजारात आपल्या समाजातील अनेक घराण्यांच्या पेढ्या होत्या. बँकेच्या नोकरीत मी अशा पेठांतून पुष्कळ हिंडलो आणि तेथील शब्द कानांवर पडत गेले. माल ठेवण्याची जागा म्हणजे ‘वखार’. प्राकृतातील ‘वक्खार’ हे त्याचे जुने रूप. १९५७ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या पाटीवर हा शब्द सुरक्षित आहे. बोलण्यात मात्र ‘गोडाऊन’ आले. गंमत अशी, की हा पाहुणा मूळचा इंग्रजही नव्हे. मलाय भाषेतील ‘गुदांग’ या शब्दावरून तो इंग्रजीत गेला आणि तेथून साहेबी वेष चढवून आपल्याकडे आला. दररोजच्या व्यवहारांची वही ती ‘रोजकीर्द’. फारसीतून आलेला हा शब्द जुन्या जमाखर्चनिसांबरोबर निवृत्त झाला.

या सर्वांत मला अधिक चटका लावून जातो तो ‘शहाजोग’ हा शब्द. हुंडीचे मुख्य दोन प्रकार. दाखवताच पैसे मिळणारी ‘दर्शनी’ आणि ठरावीक दिवसांनी मिळणारी ‘मुदती’. ‘शहाजोग’ हुंडीची रक्कम मात्र केवळ ‘शहा’लाच, म्हणजे पेठेत पत असलेल्या सावकारालाच द्यायची असे. ‘जोग’ म्हणजे योग्य. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघालीच, तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेही हुंडीच्या स्थानिक रूढींना बाधा आणली नाही. आपल्यातील कित्येकांचे ‘शहा’ हे आडनावही ‘साधू’, ‘साहू’ या परंपरेतले मानले जाते. साधू म्हणजे सज्जन. सावकाराचे पहिले भांडवल सज्जनपणा, असे जणू भाषेनेच ठरवून टाकले होते.

आणि आज? ‘शहाजोगपणे बोलू नकोस’, असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला अभिप्रेत असतो सज्जनपणाचा निव्वळ आव. ज्या शब्दावर परगावचा अनोळखी व्यापारी विसंबून पैसे मोजून देई, तोच ढोंगाचा वाचक झाला. हा बदल कधी झाला असेल तो असो. परंतु पत म्हणजे काय, हे एका शब्दात सांगण्याची सोय आपण गमावली. बँकेत आम्ही कर्जदाराची पत तपासण्यासाठी पानेच्या पाने भरत असू. पेठेला त्यासाठी चार अक्षरे पुरत होती.

गेलेली पेवे पुन्हा खणली जाणार नाहीत आणि हुंड्याही परत फिरणार नाहीत. काळाचा तो न्याय आहे. पण अनेक घरांच्या माळ्यावर आजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या अजून आहेत. घर आवरताना त्या रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे आणि एक पान वाचून घ्यावे. मोडी अक्षर लागले नाही, तरी एखादा शब्द त्यांच्या तोंडून नक्की निघेल. त्याचा अर्थ विचारून, नातवंडांकडून तो एका वहीत लिहून ठेवावा. कंदील विझलेला नाही तोवर पेवात उतरता येते.