वाड्याचे सागवान

घराण्याचा इतिहास सांगू लागला की अगदी मितभाषी माणूसही बोलका होतो. त्यातून घराणे मालगुजाराचे असेल, तर ऐकणाऱ्याने मांडी ठोकूनच बसावे. आमच्याकडे ही कथा सांगण्याचा मान आजोबांचा होता. चुलबंद नदीच्या खोऱ्यात, साकोलीपासून थोडे आत असलेले आमचे गाव. ते आमच्या मूळपुरुषाने दोन बैलजोड्या, एक कुऱ्हाड आणि एक बायको एवढ्या भांडवलावर रान तोडून वसवले, असे आजोबा सांगत. (क्रम त्यांचाच. तो ऐकला की आजी आतून भांडी आपटी.) पुढे मूळपुरुषाला वाघ भेटे. माझ्या लहानपणी तो वाघ एकच होता, मी एम. ए. होईपर्यंत त्याचे तीन झाले होते.

वाघांचा आकडा सोडला तर बाकीची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. झाडीपट्टीचा इतिहासच तसा आहे. जो रान तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा शब्द चांद्याच्या गोंड राजांनी दिला होता, असे तिकडे परंपरेने सांगतात. कोहळी समाजाच्या लोकांनी टेकड्यांच्या कुशी हेरून मातीचे बांध घातले. नवेगावबांधचा थोरला तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात, आणि लोकांनी त्यांनाच कोलासूर देव करून तलावाच्या काठी बसवले. भोवतालच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. त्यांच्या मदतीशिवाय बांध पुरा झालाच नसता म्हणे. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे हे नवेगाव पुण्यामुंबईच्या वाचकांनाही ओळखीचे झाले. १८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने गावच्या पाटलांना आणि कारभाऱ्यांना गावाची मालकी लिहून दिली व ते मालगुजार झाले. पूर्व विदर्भात मालगुजारी काळातले तलाव आजही सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतला एक आमचा. लहान तलावाला तिकडे 'बोडी' म्हणतात आणि आमचा बोडीतच जमा व्हावा असा आहे. पण आजोबांसमोर तो शब्द काढण्याची कोणाची छाती नव्हती.

गुरे मात्र खरोखरच पुष्कळ होती. दिवस उजाडला की गावची सारी ढोरे आखरावर गोळा होत आणि गोवारी गायकी त्यांना रानात घेऊन जाई. दूधदुभत्यापेक्षा किंमत होती ती बैलांची आणि शेणखताची. धानाच्या बांधीत नांगर चालवायला बैल, जंगलातला सागाचा सोट ओढून आणायलाही तेच बैल. वर्षात एक दिवस या गुरांचा आणि गायकीचा: दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी गायगोधन. शेणाचा गोवर्धन मांडायचा, गाई त्याच्यावरून न्यायच्या, आणि वाड्यासमोर गोवारी नाचायचे. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि तिथून पुढे गावोगावच्या मंडया, दंडार, रात्रभराची नाटके. शहरात आपण दिवाळी आटोपून कंदील उतरवू लागतो, तेव्हा झाडीत ती कुठे सुरू होत असते.

आजोबांच्या कथेत एक जागा अशी होती की तिथे ते भरभर पुढे जात. १९५० साली मध्यप्रदेश सरकारने मालकीहक्क नाहीसे करण्याचा कायदा केला. (तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती.) ३१ मार्च १९५१ रोजी जंगल, तलाव, पडीत जमीन सारे सरकारकडे गेले, घरची वाहितीतली शेती आणि वाडा उरला. एवढे सांगून आजोबा म्हणत, "मग आपण नागपूरला आलो." माणूस सर्वस्व गमावून नागपूरला येतो आणि महालात दुमजली घर बांधतो, यात काही विसंगती आहे हे मला फार उशिरा सुचले.

ती मधली वर्षे मला एका म्हाताऱ्या गायकीने सांगितली. त्याचा बाप आमची गुरे राखी. मी त्याला मूळपुरुषाची गोष्ट ऐकवली तेव्हा तो बराच वेळ हसला. "त्याच्या हाती कुऱ्हाड कोणं पाहिली जी? कुऱ्हाड त गोंडाची, बंडी आमची. मालक झाडाले खूण करे." मग त्याने सांगितले की कायदा येणार हे कळल्यावर माझ्या पणजोबांनी उभे जंगल ठेकेदाराला विकले. दोन हिवाळे सोटांनी लादलेल्या बंड्या सौंदडच्या स्टेशनाकडे चालल्या होत्या. त्या काळी अनेक मालगुजारांनी हेच केले; पणजोबा काही जगावेगळे नव्हते. सरकारच्या हाती आले ते बरेचसे बुंध्यांचे रान. पुढे त्यातला काही भाग झाडे वाढावीत म्हणून चराईला बंद झाला, आणि गायकीच्या लेखी नवा कायदा म्हणजे कोंडवाडा. गुरे घटली. नागपूरच्या घरात मात्र माझे वडील इंजिनियर झाले आणि मी झाडीबोलीतल्या शब्दांवर व्याख्याने देऊ लागलो.

याच समाजाची माणसे २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्या घेऊन नागपूरला विधानभवनावर आली. त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. मी तेव्हा शाळेत होतो. म्हाताऱ्याने त्या दिवसाबद्दल मला काही सांगितले नाही. मीही विचारले नाही. त्याच्या घरातल्या भिंतीवर एका बाईचा फोटो आहे, त्याला हार असतो.

हे सारे उकरून काढायचे कारण वाडा. गेल्या वर्षी आम्ही पाचही चुलतभावांनी तो विकायचे ठरवले. जमीन नव्हे, फक्त लाकूड. जुन्या सागवानाला शहरात आज मोठी मागणी आहे. हॉटेलवाल्यांना आणि बंगलेवाल्यांना ते हवे असते. व्यापारी टेप घेऊन आला. चोवीस खांब, त्यांवरचे म्याल, पाटई, दिंडीदरवाजा. खांबावर टिचकी मारून म्हणाला, "असा माल आता पाहायला मिळत नाही, साहेब." ते खरेच असणार, तो माल पाहायला मिळू नये याची तजवीज आम्हीच १९५० साली केली होती. काका म्हणाले, विकू नका, हा आपल्या पूर्वजांचा घाम आहे. म्हाताऱ्याचे बोलणे ऐकल्यापासून मला त्या घामाविषयी जरा शंका होती, पण काकांपुढे बोललो नाही. छप्पर तीन ठिकाणी गळत होते आणि कौले बदलायला कोणी पैसे काढायला तयार नव्हते, काकासुद्धा. मीही सही केली. माझ्या वाट्याच्या पैशांचे काय करावे ते अजून ठरलेले नाही. बायको म्हणते, स्वयंपाकघर दुरुस्त करू. मला त्या पैशांची चूल नको वाटते.

व्यापाऱ्याने गोठा तेवढा घेतला नाही. त्याचे लाकूड येनाचे, म्हणजे आपल्या ऐनाचे. त्याला नागपुरात गिऱ्हाईक नाही म्हणाला. म्हाताऱ्याचा नातू तिथे चार गाई आणि काही शेळ्या बांधतो. भाडे देत नाही. भाड्याची लिखापढी करावी का, असे धाकट्या चुलतभावाने मला विचारले होते. मी म्हटले, आधी त्या गोठ्याचे मालक कोण ते ठरू दे. गेल्या पाडव्याला त्या चार गाई तिथूनच गोधनावर निघाल्या. आमच्यापैकी कोणी गावी गेले नव्हते. नातवाने फोनवर फोटो पाठवला, तो मी घरात सगळ्यांना दाखवला. मागे वाड्याच्या जागी आभाळ दिसत होते.